परगण्यापासून पंचायत समितीपर्यंत

गाव आणि राज्य यांच्या मधला अंमलदार कोणाला बांधील असतो, यावरून त्या राजवटीची पारख होते. संयुक्त अरब अमिरातीतल्या अबू धाबीत अल ऐन आणि अल धफ्रा या प्रदेशांसाठी आजही शासकाचा प्रतिनिधी नेमतात. वरून नेमलेल्या अंमलदाराची ही तऱ्हा पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-बारामतीनेही पिढ्यान्‌पिढ्या पाहिली.

निजामशाहीत पुणे-सुप्याची जहागीर भोसल्यांकडे आली. मालोजीराजांची गढी इंदापुरात आहे. इंदापूर आणि सुपे हे तेव्हाचे परगणे. राजवटी बदलल्या तरी देशमुख-देशपांडे वतनावर कायम असत. पेशवाईत वसुलीला कमावीसदार आला. १८१८ नंतर इंग्रजांनी परगण्यांचे तालुके केले आणि कचेरीत मामलेदार बसला. सुपे भीमथडी तालुक्यात गेलं. तोच पुढे बारामती तालुका झाला.

इंग्रज अधिकारी प्रिंगलने बसवलेला सारा रयतेला पेलवला नाही. गावं ओस पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरातूनच नवी मोजणी सुरू केली. ३३ फुटी साखळीने शेत मोजायचं, मातीचा रंग आणि खोली पाहून प्रत ठरवायची, हद्दीला दगड रोवायचे आणि सारा ३० वर्षांसाठी कायम करायचा. साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. इंदापूरचा हा नमुना पुढे मुंबई इलाख्यात पसरला.

मुदत सरल्यावर १८६७ मध्ये सारा भरमसाट वाढला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भावही कोसळले होते. सावकाराचं देणं डोक्यावर बसलं आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जखतं जाळली. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

१८८४ च्या कायद्याने तालुका लोकल बोर्डं आली, पण त्यांचे हात आखूडच होते. १९५० च्या कायद्याने परगणा वतनं गेली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेखाली पंचायत समित्या आल्या आणि तालुक्याला लोकांनी निवडलेले सदस्य व त्यांचा सभापती मिळाला.

तरीही जमिनीचं दप्तर आणि महसूल आजही नेमलेल्या तहसीलदाराकडेच आहे. समितीच्या वाट्याला मुख्यतः योजना आणि वरून येणारा निधी. तालुक्याला मत मिळालं, तिजोरी मात्र मिळाली नाही. विकेंद्रीकरणाचं हे काम अर्धंच झालं आहे.