आजी-आजोबांच्या गोळ्या: नुसता अलार्म का पुरत नाही?

माझी आजी नेरूळला आमच्यासोबत राहते. दोन वर्षांपूर्वी तिला डिमेन्शिया असल्याचं कळलं. घरातले आम्ही सगळे दिवसभर नोकरीवर. मी तिच्या फोनमध्ये ९ चा अलार्म लावला आणि विषय संपला असं समजलो. मग एका शनिवारी घरी असताना पाहिलं: अलार्म वाजला, आजीने बीपीची गोळी घेतली. दहा मिनिटांनी "अगंबाई, गोळी राहिलीच की" म्हणत पुन्हा स्ट्रिप हातात!

अलार्मला फक्त वेळ कळते, गोळी पोटात गेली की नाही ते कळत नाही. म्हणून आम्ही पद्धत बदलली.

१. खणांची डबी: सात दिवसांची डबी मेडिकलमध्ये मिळते. रविवारी प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून भरा. त्या दिवसाच्याच गोळ्या बाहेर ठेवा, बाकी सगळं कुलपात. काही गोळ्या स्ट्रिपमधून आधी काढून चालत नाहीत, हे केमिस्टला विचारून घ्या.

२. अलार्म तुमच्या फोनमध्ये: वेळ झाली की समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर गोळी घेताना पाहा, मगच अ‍ॅपमध्ये टिक करा. आयफोनच्या 'हेल्थ' अ‍ॅपमध्ये आयओएस १६ पासून औषधांची नोंद ठेवता येते.

३. सेटिंग तपासा: अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेच्या अलार्मसाठी वेगळी परवानगी असते. सेटिंग्जमध्ये 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' शोधून तुमच्या अ‍ॅपला ती द्या. बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' ठेवा, नाहीतर फोन अ‍ॅपला मागच्या मागे झोपवतो.

४. डॉक्टरांना विचारा: दिवसातल्या वेळा कमी करता येतील का? आजीची दुपारची गोळी डॉक्टरांनी रात्री हलवली. आता दोन्ही वेळा कुणीतरी घरी असतं. डोस चुकला तर मनाने दुप्पट देऊ नका. गिळता येत नाही म्हणून न विचारता गोळी कुटूही नका; हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

घरात मदतीला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: एल्डरलाइन, १४५६७.

आजी अजूनही विचारते, "मी गोळी घेतली का रे?" आधी मी "मगाशीच सांगितलं ना!" म्हणून वैतागायचो. आता डबी उघडून दाखवतो. रिकामा खण बघते आणि निवांत चहा प्यायला बसते.