नाडीचा चुकलेला ठेका

आमच्या सीमाभागात मोठ्या आजाराचा इतिहास म्हणजे एका अर्थी प्रवासाचाच इतिहास होय. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि बेळगाव-निपाणीकडचे रुग्ण तिकडची वाट धरू लागले. १९५६ मध्ये राज्याची सीमा मधून गेली, तरी ती वाट मोडली नाही. १९६३ मध्ये बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि उपचार घराजवळ येऊ लागले.

हृदयाच्या बायपासला चालना दिली ती रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने, १९६७ साली, अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे. पायातील शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीला पर्यायी मार्ग म्हणून जोडावयाची, ही त्यामागील कल्पना. भारतात १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी ती प्रथम केली. तंबाखूच्या पेठेभोवती वाढलेल्या आमच्या मुलखाला या शस्त्रक्रियेची गरज का पडावी, हे वेगळे सांगावयास नको.

शस्त्रक्रिया यशस्वी होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी एकाएकी वेडीवाकडी धावू लागते. साधारणतः चारांतील एका रुग्णास असे होते, उतारवयात अधिक. घरच्यांना वाटते, शस्त्रक्रिया फसली. तसे नसते. जोडलेली शीर रक्त पोहोचवीत असते. बिघडतो तो विद्युत्संदेशांचा क्रम. शस्त्रक्रियेचा दाह आणि शरीरावरील ताण यांमुळे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तेथे रक्त साकळले आणि ती गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो.

अनियमित नाडी आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हती. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षा आहेच. तिचे कारण मात्र आइन्थोवेन यांच्या हृद्विद्युत् आलेखामुळे उलगडले. १९०९ साली लंडनच्या टॉमस लुईस यांनी ही थरथर त्या आलेखावर ओळखली. आज वापरात असलेले अमिओडारोन मूळचे छातीदुखीचे औषध. ठोक्यांवरील त्याचा गुण १९७० च्या दशकात रोझेनबाउम यांनी दाखविला, तेही अर्जेंटिनाचेच.

बहुतेकांचा ताल काही आठवड्यांत पूर्ववत होतो. पण रुग्ण तोवर घरी परतलेला असतो. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांच्या घरांत पूर्वीची एक सवय पुन्हा यावी: सकाळी मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजण्याची. ठेका चुकतोसा वाटला तर त्याच दिवशी आलेख काढावा, आणि वैद्यांच्या सांगण्यावाचून एकही गोळी बंद करू नये.