थिजलेल्या यंत्राचा इतिहास

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रभर पसरली. आमच्या चांद्याकडे मात्र वसंत ऋतू पंचांगातच भेटतो. होळी पेटली की उन्हाळा उभा राहिलाच. वैशाखात पारा ४५ अंश सहज ओलांडतो, आणि म्हणूनच आपण दिवे लागल्यावर येथे जमतो. माणसाला सावली शोधता येते, माठातले पाणी पिता येते, दुपारी दोन घटका आडवे होता येते. यंत्राने काय करावे? आजचा आमचा विषय या साध्या प्रश्नातून निघाला आहे.

प्रसंग घरगुती आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. या मुलखातली झाडीपट्टीची रंगभूमी आपणांस ठाऊक आहेच. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्र रात्र नाटक वा दंडार चालते. १९९३ च्या मंडईत आमच्या गावी झालेल्या दंडारीची एक व्हिडिओ कॅसेट घरात होती. तीत आमचे काका स्त्रीपार्ट करताना दिसतात. काकांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा चालताबोलता पुरावा म्हणावा असा एवढाच उरला आहे. कॅसेटच्या कडेला पावसाळ्यातली पांढरी बुरशी धरू लागली होती. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ साली ते काम थांबवले. तेव्हा घरचा व्हीसीआर चालतो आहे तोवर फीत संगणकावर उतरवून घ्यावी, असे आम्ही ठरवले.

फीत चालू केली. संगणक ती पाहत जाई आणि त्याच वेळी चित्रे आटोपशीर करून साठवत जाई. चाळीस मिनिटांनी पडदा जागच्या जागी थांबला. ना माऊस हलेना, ना कळ दाबली जाईना. "मोठेबाबा, पुन्हा हँग झाला जी," असे आमचा पुतण्या तीन संध्याकाळ सांगत राहिला. दर वेळी फीत मागे न्यावी लागे, आणि दर फेरीला तिच्यावरचा थोडा थर झडे. दुकानदार म्हणाला, नवे यंत्र घ्या. आम्हांस वाटले, आधी दुखणे कोणते ते तरी कळू द्यावे.

ते कळण्यासाठी हे यंत्र नेमके काय करत होते ते पाहिले पाहिजे. आपल्याकडील व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे असतात. तीन तासांची २ लाख ७० हजार झाली. प्रत्येक चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर ठिपके. एवढे सगळे जसेच्या तसे ठेवायचे तर मोठी कोठारे लागतील. यावर तोड काढणाऱ्यांत बंगळूरकडचे अभियंते नासिर अहमद यांचे नाव अग्रभागी आहे. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत या कल्पनेसाठी अनुदान मागितले, ते मिळाले नाही. १९७४ साली त्यांनी नटराजन व के. आर. राव यांच्यासह आपला निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडावेत, प्रत्येकातील ठळक छटा व बारीक छटा गणिताने वेगळ्या कराव्यात, आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक छटा सोडून द्याव्यात, हे त्या पद्धतीचे सार. १९९३ च्या सुमाराचे एमपेग आणि २००३ चे एच-२६४, ही दोन्ही मानके याच पायावर उभी आहेत.

दुसरी युक्ती हालचालीची. दंडारीत नाचणाऱ्याचा हात हलतो, मागचा पडदा हलत नाही. मग पडदा पुन्हा कशाला लिहायचा? हात कोठून कोठे गेला एवढे टिपले म्हणजे झाले. पण ते शोधणे कष्टाचे असते. चित्राचे १,६२० चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोन मागच्या चित्रात चहूबाजूंना सोळा सोळा ठिपके सरकवून पाहिला, तर एकट्या चित्रासाठी साडेसतरा लाखांहून अधिक तुलना कराव्या लागतात. आजचे प्रोग्राम यात पुष्कळ आडवाटा काढतात, तरीही प्रोसेसरला उसंत नसते. पत्र लिहिताना हाच प्रोसेसर बहुतेक वेळ दोन अक्षरांची वाट पाहत बसलेला असतो. या कामात तो घाण्याच्या बैलासारखा तासन् तास जुंपलेला असतो, आणि पोटात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

गणकयंत्र आणि उष्णता यांचे भांडण जन्मापासूनचे आहे. अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे अठरा हजार काचनळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. ही उष्णता बाहेर काढण्यास मोठाले पंखे होते. तेथील मंडळींच्या ध्यानात एक गोष्ट आली. यंत्र सुरू करताना आणि बंद करताना, नळ्या तापताना आणि निवताना, त्या अधिक जळत. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० साली कामास लागले. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यातही सुमारे २,७०० काचनळ्या होत्या. पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, तेही नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधींनी मावू लागले. आता उष्णता संपली असे वाटले, पण ती फक्त दाटीवाटीने राहू लागली. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम काढण्याचा बेत २००४ साली सोडून देण्यात आला, त्यातही उष्णतेचा मोठा वाटा होता. एकाच बैलाला पळवण्याऐवजी दोन-चार बैल जुंपावेत, हा मार्ग तेव्हापासून रुळला.

अमेरिकेतील हार्वर्डच्या दुसऱ्या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला, तो तेथील लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. पतंगाचे कौतुक सर्वांनी केले, वहीचे कोणी केले नाही. आमच्या मते त्या गोष्टीत खरी मोलाची वस्तू वही होती. आम्हीही एक वही घातली आणि एका वेळी एकच बदल करायचा असा नियम केला.

पहिला बदल फितीला वाचवण्याचा. उतरवणे आणि आटोपशीर करणे ही दोन कामे वेगळी केली. आधी फीत हलक्या संक्षेपाने डिस्कवर घेतली. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा गेली, पण प्रोसेसरला फारसे कष्ट पडले नाहीत आणि तिन्ही तास सुखरूप उतरले. काका वाचले. आता यंत्र शंभर वेळा थिजले तरी फितीला इजा नव्हती.

मग वहीतल्या वेळा पाहिल्या. चाळीस मिनिटे, पंचवीस, बावन्न. दर वेळी एकाच दृश्यावर थांबला असता तर संशय चित्रावर वा प्रोग्रामवर गेला असता. जागा बदलत होती, म्हणजे दुखणे यंत्राच्या अंगात होते. तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला तो ९६ अंश. डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांखाली धुळीची गोधडी. ती साफ केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पारा ७८ वर आला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४२ अंशांची असेल तर मोजणीच तेथून सुरू होते. पौषात पुण्यात निमूट चालणारे यंत्र वैशाखात चंद्रपुरास का रुसते, ते यावरून उमजेल.

पण यंत्र पुन्हा थिजले. फरक एवढाच की आता दोन तासांनी. आम्ही बुचकळ्यात पडलो. आजचे प्रोसेसर फार तापले तर आपली चाल मंद करतात, अगदीच असह्य झाले तर यंत्र बंद करतात. एकाएकी थिजणे ही त्यांची रीत नव्हे. मग रात्रभर स्मृतीची, म्हणजे रॅमची, परीक्षा घेतली. तीत एकही चूक निघाली नाही. चित्राचा संबंध नसलेली नुसती आकडेमोड करून पाहिली, तरी थिजले. शेवटी शेजारच्यांच्या संगणकातला वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो एका रात्रीपुरता मागून आणला. सकाळी पुतण्या उठवायला आला. काम पुरे झाले होते.

आमचा जुना डबा नंतर जाणत्या कारागिराकडून उघडवला. आत वीज साठून राहते, घरी उघडू नये. त्यातील दोन कॅपॅसिटर माथ्यावर फुगले होते. या वस्तूंचा असा अडाखा आहे की भोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे त्या संध्याकाळची उष्णता आरोपी होती खरी, पण मुख्य आरोपी नव्हे. दहा-बारा उन्हाळ्यांची साचलेली उष्णता त्या डब्यात मुरली होती. हलक्या कामात दुबळेपणा झाकून जाई. जड काम आले की वीज कमी पडे आणि यंत्र थिजे.

आपल्या शहराला हा अनुभव नवा नाही. आज २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे वीजकेंद्र हेही एक तापणारे यंत्रच आहे. कोळशाच्या उष्णतेचा लहान वाटा वीज होतो, उरलेली बहुतेक पाण्याच्या साहाय्याने टाकून द्यावी लागते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि या केंद्रातील संच बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, निववायला पाणी नव्हते. त्या मे महिन्याच्या उन्हाला दोष देणे सोपे होते. पण देशभर पावसाने दगा दिला होता तो त्याआधीच्या, म्हणजे २००९ च्या पावसाळ्यात. यंत्र थांबते त्या दिवशी. थांबण्याचे कारण पुष्कळदा मागे घडून गेलेले असते.

म्हणूनच हा विषय आम्ही इतिहासाच्या व्याख्यानात आणला. बिघाड शोधणारा आणि इतिहास लिहिणारा यांची रीत एकच आहे. शेवटची घटना हेच कारण असे मानू नये, नोंदी ठेवाव्यात, आणि पहिला आरोपी सापडला म्हणून खटला बंद करू नये. पंखा साफ करून आम्ही थांबलो असतो तर दोष प्रोग्रामच्या माथी मारून मोकळे झालो असतो.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पेटीच्या तळाशी अशा कॅसेटी असतील. कोणाचे लग्न, कोणाची दंडार, कोणाच्या आजीची ओवी. त्या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढाव्यात. बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालण्याची घाई करू नये, आधी जाणकाराकडून पुसून घ्याव्यात. मग आधी हलक्या संक्षेपाने पूर्ण उतरवून, दोन ठिकाणी साठवून ठेवाव्यात, आणि आटोपशीर करण्याचे जड काम रात्रीच्या गारव्यात करावे. यंत्र थिजले तर दुसरे घेता येते. आमच्या काकांचा तो आवाज दुसऱ्या कोणत्याही फितीवर नव्हता.