कला कोणाची, नाव कोणाचे? सिद्धगडच्या पायथ्याशी पडलेला प्रश्न

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातो. या वेळी आम्ही काही कार्यकर्ते तिथून थेट घरी परतलो नाही. दुसऱ्या दिवशी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडला गेलो. ज्या भीमेच्या काठी तो स्तंभ उभा आहे, ती भीमाशंकरला उगम पावते, आणि त्याच डोंगररांगेच्या कोकणाकडच्या अंगाला सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे याच जंगलात इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील शहीद झाले.

आंबेडकरी माणसाचे सिद्धगडला काय काम, असे कोणी विचारेल. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि १९४२ च्या लढ्याबद्दल त्यांचे मत वेगळे होते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढणारे माणूस. अशा माणसाचे नाव जिल्ह्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे? बहुजनांची नावे कशी टिकतात आणि कशी पुसली जातात, हा प्रश्न आपलाच आहे.

स्मारकापाशी बसलो असताना हाच विषय निघाला. नाव टिकते ते दगडात, चित्रात, गाण्यात, म्हणजे कलेत, असे आमच्यातला एक जण म्हणाला. त्यावर नुकताच चळवळीत आलेला एक तरुण म्हणाला, "दादा, कला-बिला हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपल्याला शिक्षण, नोकरी आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस यांतून वेळ कुठे आहे?" त्याला तिथे दिलेले उत्तर तोकडे होते. म्हणून हा लेख.

कला पोट भरलेल्यांची असते, हे आपल्याला शिकवले कोणी? माणसाला लिपी सापडण्याच्या कितीतरी आधी तो चित्र काढत होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे आणि माणसे पाहा. त्या कातळशिल्पांना आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली आहे. ती कोरणाऱ्यांकडे ना राजवाडा होता, ना कोठार. कला श्रमाबरोबरच जन्मली. श्रम करणाऱ्याकडून तिचे श्रेय काढून घेतले गेले, ते पुढे.

हे कसे घडले, ते याच परिसरातल्या दगडांवर वाचता येते. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागणिका हिचा प्रसिद्ध लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे दिली, याचा त्यात आकड्यांसह हिशेब आहे. त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि वर त्यांची नावे कोरलेली होती. आज पुतळे गेले, पायांचे अवशेष उरले. राजांची नावे मात्र अजून वाचता येतात. ज्याने ती अक्षरे कोरली, त्याचे नाव कुठे आहे?

आता तिथून दक्षिणेला कर्जत तालुक्यात कोंडाण्याला या. राजमाचीच्या पायथ्याशी बौद्ध लेणी आहेत. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर एका तुटलेल्या शिल्पाजवळ छोटासा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच त्यात म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस आपल्या गुरूचे नाव घेऊन सांगतो की हे काम माझे आहे. गुरूचा मान राखला आणि स्वतःची सहीही केली!

बलक एकटा नाही. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्याला धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने द्वाराचे काम दिले. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी येतात. या श्रेणींकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत. लेण्यांना राजे आणि सावकार यांनीही दाने दिली, हे खरेच आहे. पण त्यांच्याच भिंतीवर लोहार आणि सुतार आपल्या नावाने, गावाने आणि धंद्याने उभे आहेत. धंदा सांगायला त्यांना लाज वाटत नव्हती.

आता दुसरे पुस्तक उघडा. विद्वान मनुस्मृतीची रचना साधारण याच शतकांतली मानतात. तिच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. त्या यादीत नट आहे, लोहार आहे, निषाद आहे, रंगमंचावर उतरणारा आहे, सोनार आहे आणि वेण आहे. वेण म्हणजे एका अर्थाने बांबू फोडून जगणारा. मित्रहो, या दोन याद्या शेजारी ठेवून वाचा. लेण्याच्या भिंतीवर जो लोहार दाता आहे, तो स्मृतीच्या पानावर विटाळ आहे. जुन्नरला ज्या बांबूकामगारांच्या हाती ठेव सोपवली जाते, त्यांच्या घरचा घास इथे वर्ज्य आहे. कलावंताचा हात हवा, पण त्या हाताचे अन्न नको! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्यात हीही यादी होती.

हा व्यवहार पुढे शेकडो वर्षे चालला. ढोलकी, हलगी आणि सनई वाजवणारे हात कोणाचे होते? तमाशा कोणी उभा केला? महार-मांगांनी. पण त्याला कला म्हणायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्यांकडे राहिला. वारली चित्रकलेचेही बघा. लग्नाचा चौक घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा तो सवाशिणींनी. ही चित्रे कागदावर आली आणि १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर गेली. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या बायांची नावे कोणत्या संग्रहालयात आहेत?

आंबेडकरी चळवळीने हे चक्र उलटे फिरवले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचाच बाज घेतला आणि गण-गौळणीच्या जागी समतेचा विचार आणला. तो आंबेडकरी जलसा. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) गावोगाव फिरून बाबासाहेब अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत पोचवले. आमच्या कितीतरी आयांना बाबासाहेब आधी गाण्यातून भेटले आणि पुस्तकातून नंतर. तेव्हा चळवळीला कलेसाठी वेळ कुठे आहे, हा प्रश्नच उलटा आहे. कला नसती तर चळवळ वस्तीपर्यंत पोचली कशी असती?

नाव जपायचे कसे, याचाही धडा आपल्याजवळ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी भीमरायावर गायलेल्या ओव्या आहेत. ओवीसोबत गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदवलेले आहे. कान्हेरीच्या नंद लोहारासारखेच! आणि कोरेगावचा स्तंभ आपल्याला आपला का वाटतो? त्या दगडावर शेवटी 'नाक' लागणारी २२ नावे कोरलेली आहेत म्हणून. ती नावे नसती तर तो इंग्रजांचा आणखी एक खांब राहिला असता.

आज आपण काय करतो? जयंतीला डीजेवर पैसे उधळतो. त्या आवाजात शब्दच ऐकू येत नाहीत, मग विचार कुठून पोचणार? वस्तीतला म्हातारा शाहीर त्या दिवशी दार लावून आत बसतो. त्याची वही त्याच्याबरोबरच जाते. आपल्या माणसाचे नाव पुसायला इथे मनुवादी यावा लागत नाही, आपणच पुरेसे आहोत. हे कडू आहे, पण खरे आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. येत्या १४ एप्रिलच्या आधी प्रत्येक वस्तीत दोन तरुणांनी वही आणि मोबाईल घेऊन बसावे. कोण गात होते, कोण वाजवत होते, जलशात कोण होते, जात्यावर कोण ओव्या म्हणत होत्या, ते विचारावे आणि नाव, गाव, काम असे लिहावे. आवाज रेकॉर्ड करावा. मग ती यादी विहाराच्या भिंतीवर लावावी.

सिद्धगडावर दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती कोणी खोदली, त्यांचे नाव कुणालाच सांगता येत नाही. त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण आपल्या वस्तीतला म्हातारा शाहीर अजून जिवंत आहे. आज संध्याकाळी त्याच्या दारात जा.

जयभीम!