परसाचं कुंपण

मी लग्न होऊन बाजारहत्नूरला आले तेव्हा घराच्या मागं भिंत नव्हती. परस होतं, परसात गोठा, गोठ्यामागं वांगी-मिरचीच्या चार सऱ्या आणि त्यापलीकडं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पावसाळ्यात त्याला वाळवी लागायची, खालून ते बसायचं आणि दिवाळीच्या आत गाडीभर काटे आणून पुन्हा उभं करावं लागायचं. माहेर माझं जालन्याचं, भर बाजारातलं. जनावर म्हणजे गल्लीतली गाय, एवढंच मला माहीत. इथं पहिल्याच महिन्यात रात्री परसातून घुरघुर ऐकू आली आणि सकाळी पाहते तो कोथिंबिरीचा वाफा नांगरल्यासारखा. आम्ही कंदमूळ खात नाही, परसात लावतही नाही. डुकरांना ते ठाऊक नसावं. सासूबाईंनी वाफ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "काल साली कुठं टाकल्यास?"

तेव्हापासून मी परसाची शाळा शिकले. खरकटं संध्याकाळी परसात पडू द्यायचं नाही. भाजीचे देठ, फळांच्या साली दिवसाउजेडीच गाईपुढं. धान्याची पोती आतल्या खोलीत, पेंड झाकून. आमच्याकडं चौविहार, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून भांडी घासून पालथी. नियम धर्माचा, पण त्यामुळं रात्री परसाला कसला वासच राहत नसे. चैत्राच्या सुमाराला मोहाची फुलं गळतात, गोंड-कोलामांच्या अंगणात ती वाळत पडतात आणि त्या वासानं अस्वल येतं. त्या दिवसांत शेजारच्या बाया पहाटे एकट्या बाहेर पडत नसत; चौघीजणी मिळून, मोठ्यानं बोलत निघायच्या. बोलणं हेच त्यांचं हत्यार. अस्वलाला माणूस दुरून कळला तर ते आपण होऊन बाजूला होतं, अचानक समोर आला तर अंगावर येतं.

घराची राखण बायांच्या हातात आणि शेताची राखण जागलीवर. जागल हा शब्द आता ऐकू येत नाही म्हणून सांगते. शेतात चार मेढींवर मचाण बांधायचं, खाली शेकोटी, हातात गोफण, जवळ पत्र्याचा डबा, आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळानं हाळी. ज्वारी हुरड्यात आली की महिना-दीड महिना हे चालायचं. जुन्या गावगाड्यात जागल्या म्हणून गावाचा रात्रीचा राखणदारच असे. आमच्या शेतावर एक कोलाम म्हातारा यायचा, आम्ही त्याला दादा म्हणायचो. रोही आले तर कुठल्या बाजूनं हाकायचे, डुकरांच्या कळपाला वाट मोकळी ठेवूनच ओरडायचं, हे त्याला पाठ. कोंडलेलं डुक्कर माणसावर येतं. त्याच्या इतक्या वर्षांत आमच्या शेतात एकही जनावर मेलं नाही. घरात सगळे म्हणायचे, आपल्या घरची अहिंसा. मी बरीच वर्षं तसंच समजत होते. थंडीत रात्रभर जागायचा तो म्हातारा, पुण्य मात्र आमच्या खात्यावर, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

सरकारांची तऱ्हा निराळी होती. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात. त्यांनी हिंस्र जनावर मारील त्याला बक्षीस ठेवलं होतं. महेश रंगराजन या इतिहासकारांनी हिशेब मांडला आहे: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आमची नदीअलीकडची बाजू निजामाची. इथं राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या तेव्हा जनावरांच्या आधी माणसंच बाहेर निघाली. त्याच असंतोषातून कुमराम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतरच निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला गोंडांची स्थिती पाहायला पाठवलं. १९५६ मध्ये प्रांतरचना झाली, किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही एदलाबादकर तेलुगू राज्यात राहिलो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. जनावरांना याचा पत्ता नाही. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ आजही पैनगंगा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येतात.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुका थांबल्या, ते बरंच झालं. पण त्याच सुमाराला पुढं पुढं मुलं शाळेत जाऊ लागली, शहराकडं निघाली आणि मचाणावर बसायला माणूस मिळेना. ज्वारी जाऊन कापूस-सोयाबीन आलं. रात्री जागायचं कोणी, हा प्रश्न उरला. त्याला लोकांनी शोधलेलं एक उत्तर तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल: शेताभोवती बांधलेल्या जुन्या साड्या. हिरव्या, जांभळ्या, जरीच्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. माझ्याही पाच-सहा साड्या अशा गेल्या आहेत. जनावर थोडे दिवस बुजतं, मग सरावतं. काहीजण शेताच्या कडेनं काटेरी करडईच्या ओळी पेरतात. मला तो उपाय सगळ्यांत शहाणा वाटतो.

एका चातुर्मासात साध्वीजींनी त्रिपृष्ठ वासुदेवाची कथा सांगितली. भगवान महावीरांचाच तो पूर्वभव. शाळीच्या शेतात एक सिंह येऊन शेतकऱ्यांना छळत होता. त्रिपृष्ठ राखणीला गेला आणि त्यानं शस्त्र टाकून नुसत्या हातांनी सिंहाचा जबडा फाडला. सिंह तडफडत होता, तेव्हा सारथ्यानं जवळ जाऊन त्याचं सांत्वन केलं. तो सारथी पुढं गौतम स्वामी झाला. त्रिपृष्ठ नरकात गेला आणि नंतर स्वतः सिंहाच्या जन्माला आला. तो सिंह पुढं एक शेतकरी झाला. गौतमांच्या बोलण्यानं त्यानं आनंदानं दीक्षा घेतली, पण महावीरांना पाहताच भ्यायला आणि पळून गेला. केवळज्ञान झालेल्या भगवंतांसमोरसुद्धा ते जुनं भय गेलं नाही! शेत राखायलाच गेला होता त्रिपृष्ठ. लढाईला नव्हे. शास्त्रात संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे प्रकार सांगतात. स्वतःचं राखण्यासाठी होते ती विरोधी, तिची गृहस्थाला थोडी सवलत आहे, असं आम्ही बायका एकमेकींना समजावतो. ही कथा ऐकली की ती सवलत जरा आखूड वाटते.

आता दुकानाचं सांगते. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. मामंजींनी आयुष्यभर कीटकनाशक ठेवलं नाही, उंदराचं औषध ठेवलं नाही, सुरीसुद्धा भाजीपुरतीच. श्रावकाला वर्ज्य असे पंधरा कर्मादान उपासकदशा सूत्रात आहेत, त्यांत विषवाणिज्य आहे. विष आणि शस्त्र दोन्ही त्यातच धरतात. गिऱ्हाईक डुकरांसाठी औषध मागायचं, मामंजी हात जोडायचे. बाजूच्या गावात जा म्हणायचे. तार मात्र आम्ही विकत होतो. बाइंडिंगची तार, बंडलानं. तार कर्मादानांत नाही.

लोक ती शेताभोवती ओढू लागले आणि रात्री खांबावरच्या लाइनीला आकडा टाकून तिच्यात करंट सोडू लागले. आता जागायला नको. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडं श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेला लागून मेला, 'जय' या प्रसिद्ध वाघाचा तो बछडा. पेपरात वाचून मी हळहळले होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या शिवारात पहाटे गवत कापायला गेलेली एक बाई तारेला लागून गेली. आमच्या ओसरीवर बसून चहा प्यालेली बाई. कोणाचं शेत, कोणाची चूक, हे मी इथं लिहिणार नाही. त्या संध्याकाळी दुकानाची वही मात्र मी काढून पाहिली, हिशेब मीच लिहिते. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद होती. एक बंडल. अक्षर माझं.

घरात कोणी काही बोललं नाही. मुलगा आता सोलरचं झटका मशीन विकतो. त्यातला करंट क्षणभर लागून थांबतो, पुन्हा लागतो. जनावर दचकून मागं सरतं, चिकटून राहत नाही. लाइनीचा करंट सोडत नाही, फरक एवढाच आहे आणि तो जिवाचा आहे. पण मशीनला पैसे लागतात, तारेचं बंडल स्वस्त. तार आम्ही अजून विकतो, मांडवाला लागते, वेलीला लागते, घरकामाला लागते. "कशाला हवी?" असं मी विचारते. सगळे मांडवालाच म्हणतात.

परसाला आता विटांची भिंत आहे. डुकरं येत नाहीत, वानरं-माकडं येतात, त्यांना भिंत म्हणजे रस्ता. २०२० च्या डिसेंबरात निर्मळजवळ माकडांचं केंद्र निघालं, तिथं पकडून नेलेल्यांची नसबंदी करून सोडतात. कर्मादानांच्या यादीत निर्लांछनही आहे, म्हणजे प्राण्यांचं खच्चीकरण, हे मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तूच बस काठी घेऊन." बसते. पापड वाळत असले की गच्चीवर पुस्तक घेऊन बसते, काठी नुसती आपटते.

संध्याकाळी आम्ही दोघी प्रतिक्रमणाला बसतो. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढं, पाठ पक्का, थांबत नाहीत. कर्मादानांची नावं एकेक करून येतात. विषवाणिज्याशी माझा आवाज मागं राहतो. त्या तोवर दोन नावं पुढं गेलेल्या असतात.