वर्गणीने उघडलेली गल्ली

भाद्रपद सरत आला की उत्तर कोलकात्यातल्या कुमारटुलीत पायी फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. रवींद्र सरणीवरून बनमाली सरकार स्ट्रीटकडे वळलं की वाटाड्याची गरज उरत नाही. एका शेडमध्ये पेंढ्याची, बिनडोक्याची दुर्गा उभी असते, शेजारच्या शेडमध्ये ओल्या मातीचा सिंह, त्यापलीकडे पांढऱ्या खडूचा हात मारलेला महिषासुर. दारं उघडीच असतात. कुठे थांबायचं आणि किती वेळ, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. शरदातली ही कार्यशाळांची फेरी पर्यटनाने जन्माला घातली, असं अनेकांना वाटतं. २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतल्यावर या समजुतीला आणखी बळ आलं. मला मात्र या फेरीचं मूळ वर्गणीत दिसतं. देवीचा यजमान बदलला, आणि त्यामुळे मूर्तिकाराचं काम वाड्याच्या आतून रस्त्याच्या कडेला आलं. कॅमेरे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आले.

कुमारटुली म्हणजे कुंभारांची वस्ती, आपला कुंभारवाडाच. कंपनीच्या काळात कोलकात्यात व्यवसायावरून वस्त्या पडल्या. कोलुटोला तेल्यांचा, आहिरीटोला गवळ्यांचा, तशी ही कुंभारांची. इथल्या अनेक घराण्यांचं मूळ नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरकडे सांगितलं जातं. जवळच शोभाबाजारला नवकृष्ण देव यांचा वाडा आहे. प्लासीच्या लढाईच्या वर्षी, म्हणजे १७५७ मध्ये, तिथली दुर्गापूजा सुरू झाली अशी परंपरा आहे. अशा धनिकांच्या घरी मूर्ती घडायची ती वाड्यातल्या ठाकुरदालानात, म्हणजे पूजेच्या दालनात. रथयात्रेच्या सुमारास लाकडी सांगाड्याची पूजा व्हायची आणि कारागीर यजमानाच्या दारी येऊन काम करायचा. काही जुन्या घराण्यांनी ही रीत आजही सोडलेली नाही. तिचा अर्थ सरळ आहे. मूर्ती घडताना कोणी पाहावी हे वाड्याचा धनी ठरवत असे. लहान मूर्ती कुंभारांच्या घरून विकल्या जात असतील, पण मानाची, मोठी दुर्गा पूर्ण होईपर्यंत उंबऱ्याच्या आतच असायची.

हा उंबरा वर्गणीने ओलांडला. हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाड्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बारा मित्रांनी मिळून पूजा केली, आणि बारा यारांची म्हणून ती ‘बारोयारी’ झाली, अशी या शब्दाची कथा आहे. खुद्द कोलकात्यात सार्वजनिक पूजांनी मूळ धरलं ते विसाव्या शतकाच्या आरंभी. भवानीपूरच्या १९१० च्या पूजेचं नाव यात आधी घेतलं जातं, पुढच्या दशकात बागबाजारची सुरू झाली. आता अडचण हिशेबाची होती. मोठी दुर्गा घडायला महिने लागतात, आणि मंडप मात्र सणाच्या थोडे दिवस आधी रस्त्यात किंवा मैदानात उभा राहतो. वर्गणीदारांकडे ठाकुरदालान नव्हतं. त्यामुळे देवीला मंडपाआधीचे सगळे दिवस मूर्तिकाराच्याच जागेत काढावे लागले. ती जागा चिंचोळी, आणि माती न भाजलेली. बांबू आणि पेंढ्याच्या सांगाड्यावर चिकट मातीचा पहिला लेप द्यायचा, तो वाळून तडकला की दुसरा, मग तडांवर मातीत भिजवलेल्या चिंध्या चिकटवायच्या. प्रत्येक टप्प्याला वारा आणि ऊन हवं. म्हणून गल्लीच अंगण झाली आणि मूर्ती दाराबाहेर आल्या. ही दारं कोणाच्या स्वागतासाठी उघडी ठेवलेली नव्हती. माती वाळावी म्हणून ती उघडी होती.

त्या दारांतून पहिल्यांदा डोकावले ते पैसे देणारे. कारागिराला आगाऊ रक्कम देण्याला बंगालीत ‘बायना’ म्हणतात. आपल्या बयाण्याचंच हे भावंड. बायना देऊन गेलेले मंडळाचे कार्यकर्ते पुन्हापुन्हा येतात, आपली मूर्ती कुठवर आली ते बघतात आणि जाता जाता शेजारच्या मंडळाचीही बघतात. वाड्यात एका यजमानाची नजर पुरत होती, गल्लीत शेकडो वर्गणीदारांची तुलना सुरू झाली. तुलनेतून मूर्तिकाराला नाव मिळालं. गोपेश्वर पाल १९२४ मध्ये लंडनजवळच्या वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात मातीकामाचं कसब दाखवून आले. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी एकाच चौकटीत बसवलेल्या ‘एकचाला’ रचनेतून दुर्गा आणि तिची लेकरं सुटी केली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या रुद्रपाल घराण्यांनी आपली घडण आणली. पुढे कला महाविद्यालयात शिकलेले मूर्तिकार आले, आणि बापाची कार्यशाळा हाती घेणाऱ्या स्त्रियाही.

इथे एक आक्षेप येतो. हे कारागीर आहेत, साच्यातून मुखवटे काढतात, मग त्यांच्या शेडला कलावंताचा स्टुडिओ का म्हणायचं? साचे आहेत, हे खरंच आहे. पण बोटं वेगळी वळली जातात, मानेचा कल हाताने ठरतो, आणि कोणती देवी कोणाच्या हातची हे जाणकार लांबून ओळखतात. बंगालीत या लोकांना मृत्शिल्पीच म्हणतात. शिवाय कलावंत आणि कारागीर ही विभागणी करताना आपण बहुधा एवढंच विचारत असतो की कामाखाली नाव कोणाचं आहे. कुमारटुलीत ते नाव गल्लीतल्या नजरेने दिलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. आजचा पाहुणा वर्गणीदार नाही. तो वाट अडवतो, छायाचित्रं काढतो आणि निघून जातो. ऐन पावसात मूर्ती वाळवण्याची धडपड चालू असताना त्याची अडचणच होते. हे मान्य करायलाच हवं, आणि कारागिरांच्या संघटनेने छायाचित्रकारांसाठी शुल्क ठेवलं ते योग्यच केलं. तरीही या पाहुण्याला मी निव्वळ उपरा मानणार नाही. सार्वजनिक देवी सगळ्यांची असेल, तर ती घडताना पाहण्याचा हक्कही सगळ्यांचा आहे. फक्त त्या हक्काचं मोल चुकवण्याची जुनी पद्धत, म्हणजे वर्गणी, पाहुण्याला लागू होत नाही. तिच्या जागी शुल्क आलं.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. सार्वजनिक गणेशोत्सवाने देव्हाऱ्यातला गणपती चौकात आणला, आणि लालबाग-परळच्या कार्यशाळांमधून निघणाऱ्या मोठ्या मूर्तींना बघायला आगमनाच्या दिवशी रस्ते भरतात. पण आपली गर्दी तयार मूर्तीसाठी जमते. कुमारटुलीतली गर्दी अर्धवट मूर्तीपुढे उभी राहते, आणि शिकण्याजोगं पुष्कळसं त्या अर्धवटपणातच असतं.

म्हणूनच कुमारटुलीच्या पुनर्विकासाचा विचार जपून व्हायला हवा. दाटीवाटीच्या शेड पाडून कारागिरांना पक्क्या इमारतीत हलवण्याची योजना एकदा आखली गेली आणि ती अडली. चांगलं छत, वीज आणि सांडपाण्याची सोय मूर्तिकारांना मिळायलाच हवी. मात्र जिन्यावरून दहा फुटी देवी उतरत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत मातीला वारा मिळत नाही. जमिनीलगतची उघडी शेड ही या कलेची तांत्रिक गरज आहे, आणि तिच्यातूनच ही फेरी निघाली. महालयेला, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला, देवीचे डोळे आखायचा प्रघात आहे. इथे देवी डोळे उघडते तेव्हा तिच्यासमोर रहदारीची गल्ली असते आणि तिच्यासाठी वर्गणी दिलेली माणसं असतात. नवी इमारत बांधणाऱ्याने आधी या दोघांची जागा आखावी.