अर्पण, कुर्बान आणि ‘यज्’

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत जे द्रव्य गोळा होते, त्याला ‘अर्पण’ म्हणतात. वर्गणीत वाटा ठरलेला असतो, देणगीत देणाऱ्याची मर्जी असते. अर्पणात काय असावे?

संस्कृतात ‘ऋ’ म्हणजे जाणे, पोहोचणे. त्याचे प्रयोजक रूप ‘अर्पयति’: पोहोचवतो, नेऊन ठेवतो. म्हणजे अर्पणाच्या मुळाशी त्यागापेक्षा पोहोचवणे दिसते. हिब्रूतही नेमके हेच घडले आहे. लेवीय ग्रंथात होमबली काय, अन्नार्पण काय, सर्वांना सामावून घेणारा शब्द ‘कोर्बान’. त्याचा धातू ‘क-र-ब’, म्हणजे जवळ येणे. आणि अर्पण करण्याची क्रिया याच धातूच्या प्रयोजक रूपाने सांगतात, ‘जवळ आणणे’. भाषांची कुळे निराळी, पण देवाला देणे सांगायला दोन्हींनी गतिवाचक धातू उचलला आणि त्याला प्रयोजक केले. ही उसनवारी नसावी. माणसाच्या मनाचीच ही एक वाट असावी.

‘क-र-ब’ हा धातू मराठीलाही परका नाही. ‘कुर्बान’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूतला ‘करीब’ त्याच घरातला. १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजीराजांना पकडणाऱ्या शेख निजामाचा किताब ‘मुकर्रबखान’ होता. मुकर्रब म्हणजे जवळ केलेला, दरबारातला निकटवर्ती. केरळातले सिरियन ख्रिस्ती मिस्साविधीला ‘कुर्बाना’ म्हणतात, तो सिरियॅकमधला. मराठीत मात्र ‘जीव कुर्बान’ म्हणताना जवळीक गळाली आणि त्याग तेवढा उरला, असे दिसते.

मार्काच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, हाच शब्द एका वादात येतो. आईबापांना द्यायचे ते ‘कोर्बान’ ठरवून हात झटकणाऱ्यांना येशू खडसावतो. तिथे मार्क त्याचा ग्रीक अर्थही देतो, ‘दोरॉन’. हा दोरॉन म्हणजे लॅटिन ‘दोनुम’चा आणि आपल्या ‘दान’चा भाऊबंद, मूळ एकच, ‘दा’. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तर ‘कोर्बानास’ म्हणजे मंदिराचा खजिना. देवाजवळ आणण्याचा शब्द तिजोरीला जाऊन चिकटला!

अर्पणाच्या कल्पनेला पुन्हा माणसांकडे वळवण्याचे काम पौलाच्या पत्रांत झालेले दिसते. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून त्याने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत जमवली. करिंथकरांना दुसरे पत्र लिहिताना, नवव्या अध्यायात, तो या मदतीला ‘लेइतुर्गिया’ म्हणतो. शब्द मुळात ‘लोक’ आणि ‘काम’ यांवरून घडलेला. अथेन्समधले धनिक स्वखर्चाने युद्धनौका सांभाळत, नाटकाचा गायकवृंद उभा करत. ती त्यांची लेइतुर्गिया. पुढे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात याजकांच्या मंदिरसेवेला हाच शब्द लागला. पौलाच्या कानात दोन्ही अर्थ घुमत असावेत: नागरिकाचे लोककार्य आणि याजकाची देवसेवा. फिलिप्पैकरांकडून आलेल्या मदतीला तर तो थेट यज्ञाची भाषा वापरतो, सुगंध आणि मान्य झालेले अर्पण. भुकेल्याच्या हाती पडलेले दान त्याच्या लेखी वेदीवरच पोहोचते. आज चर्चमधल्या उपासनाविधीचे ‘लिटर्जी’ हे नाव आले तेही याच शब्दावरून.

आणि आता आपल्या धातुपाठाकडे, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीकडे, वळू. तिथे ‘यज्’ धातूचे अर्थ तीन दिले आहेत: देवपूजा, संगतिकरण आणि दान. पूजा, माणसे जोडणे आणि देणे ही एकाच धातूची तीन कामे! पौलाला ‘लेइतुर्गिया’त जे सापडले, त्याच्याशी हे किती जुळते. ‘यजमान’ हा शब्दही याच धातूचा. एके काळी तो यज्ञ करवणारा होता, आज घरी आलेल्याला जेवू घालणारा आहे. त्या प्रवासातही पूजेकडून पाहुणचाराकडे जाणारी हीच रेघ असावी.

म्हणून रविवारच्या त्या द्रव्याला वर्गणी किंवा फंड म्हणण्याची सवय कुठे रुजत असेल, तर ती सोडावी. ‘अर्पण’ हाच शब्द नेमका आहे: त्यात पैसा गोळा होत नाही, पोहोचतो.